क्रूडमधून नुसतं डिझेलच का काढत नाहीत?

रताळेवाला (शनिवार, रात्री ९:१२)

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे. हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

आज पोरीला टिळकवाडीत ट्यूशनला सोडायला चाललो होतो, दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो. समोरून तेलाच्या टाक्यांची मालगाडी. पोरगी मोजायला लागली आणि अठ्ठेचाळीसवर चुकली. मग विचारायलीय, "पप्पा, जमिनीतून एकच काळं तेल निघतंय न्हवं? मग त्याचं सगळं डिझेलच का करत नाहीत? आपल्या पिकअपला डिझेल, ट्रॅक्टरला डिझेल, लॉरीला डिझेल, बसला डिझेल."

मला उत्तर येईना. शेजारच्या तात्यांना विचारलं तर म्हणाले, पेट्रोल काढून राहिलेला चोथा म्हणजे डिझेल. तिच्या दहावीच्या पुस्तकात चित्र आहे: एक उंच टाकी, वर गॅस, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल, तळाला डांबर. सगळं कसं मांडणीवर डबे ठेवल्यासारखं. पण हे थर बसतात कसे, ते पुस्तकात नाही. शिक्षकांनी "उकळणबिंदू वेगळे" एवढं सांगून पुढचा धडा घेतला.

कुणाला आतलं माहीत असेल तर सांगा की. मी रताळी पिकवणारा माणूस, त्या बेतानं सांगा.

टिळकवाडी_एक्सप्रेस (शनिवार, रात्री ९:४०)

सोपं आहे ओ. क्रूड, म्हणजे ते जमिनीतलं कच्चं तेल, तापवायचं. हलकं ते वर तरंगतं, जड ते खाली बसतं. दुधावर साय येते तसं. मग बाजूनं नळ लावून एकेक काढून घ्यायचं. यूट्यूबवर बघा, पाच मिनिटांत समजतंय.

नंदगडचा_म्हातारा (रविवार, पहाटे ५:३५)

झोप चारलाच उडते. ३३ वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाचं घड्याळ पुन्हा जागेवर येत नाही. म्हणून पहाटेचं हे लांबलचक.

मी मुंबईला एका रिफायनरीत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं स्वतःची एक चूकही सांगणार आहे. १९८१ साली नंदगडातून वळकटी घेऊन निघालो, मिरजेला छोटी गाडी सोडून मोठ्या गाडीत बसलो, तेव्हा क्रूड म्हणजे काय हे मला तुमच्या पोरीइतकंही ठाऊक नव्हतं. आधी फील्डवर होतो, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणं, पंप बघणं, नमुने काढणं. नंतर बोर्डावर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये. क्रूड युनिटवरच सगळी नोकरी गेली म्हटलं तरी चालेल.

पहिलं म्हणजे सायीचं उदाहरण डोक्यातून काढून टाका. साय थंड दुधावरही येते, कारण ती हलकी. आमच्या कॉलममध्ये, म्हणजे पुस्तकातल्या त्या उंच टाकीत, तेलाचे थर एकमेकांवर बसलेले नसतात. तिथं चालतं ते वाफ होणं आणि वाफेचा पुन्हा द्रव होणं. ते मी नोकरीला लागायच्या आधीच पाहिलं होतं, फक्त ओळखलं नव्हतं.

माझं आजोळ गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पलीकडं. एप्रिल-मेत मामाकडं काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टी लावायचे. भांड्याखाली जाळ, वर नळी, नळी गार पाण्यातून. पहिल्या भट्टीतून निघते ती उर्राक, बरीच पाणचट. ती पुन्हा भट्टीला लावली की फेणी. एकदा उकळून दारू आणि पाणी धड वेगळं होत नाही, कारण दारूच्या वाफेबरोबर पाण्याचीही वाफ जाते. दुसऱ्यांदा उकळलं की जरा जास्त वेगळं होतं. तिसऱ्यांदा आणखी. एवढं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता क्रूड. जहाजातून आलेलं क्रूड नुसतं तेल नसतं, त्यात खारट पाणी असतं, वाळू-गाळ असतो. म्हणून आधी आंघोळ. गोडं पाणी मिसळून १२०-१४० अंशाला तापवतात आणि मोठ्या टाकीत विजेच्या दाबाखाली ठेवतात. पाण्याचे बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात, खाली बसतात आणि मीठ घेऊन जातात. हे नाही केलं तर त्या मिठाचं पुढं आम्ल होतं आणि कॉलमच्या डोक्याकडच्या पाइपा खाऊन टाकतं. (हां, इथं मात्र खरंच थर असतात, वर तेल खाली पाणी. टिळकवाडीवाल्यांची साय इथं चालेल.)

पाण्याची दुसरी भीती जास्त मोठी. तापल्या कढईत ओल्या हाताचा थेंब पडला तर काय होतं ते घरात सगळ्यांनी बघितलंय. पाण्याची वाफ झाली की जागा १,६०० पटींच्या वर लागते. क्रूडबरोबर पाण्याचा लोंढा गरम कॉलममध्ये शिरला तर आतल्या लोखंडी ताटल्या उखडून वाकड्या होतात. आमच्या आधीच्या पिढीनं हे पाहिलं होतं, आम्हाला त्याच्या गोष्टी सांगून घाबरवायचे.

आंघोळ झाली की तेल तापवायचं. पण सगळा जाळ भट्टीतच लावत नाहीत. कॉलममधून निघणारा माल गरम असतो, त्याला गारच करायचं असतं. मग तो आणि थंड क्रूड शेजारशेजारच्या पाइपांतून न्यायचे, त्याची धग ह्याला. असं करत करत २५० अंशाच्या वर क्रूड फुकटात तापतं. मग भट्टी, आम्ही फर्नेस म्हणायचो. तिथून बाहेर पडताना ३५० ते ३७०. त्याच्या वर नेत नाहीत. जास्त तापवलं की दूध करपावं तसं तेल करपतं, नळ्यांच्या आत कोळसा धरतो. ही ३७० ची अट पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ आहे, तिच्यावर नंतर येतो.

आता टाकी. आम्ही कॉलम म्हणायचो. आमचा पन्नास मीटरच्या आसपास उंच. आत एकावर एक चाळीसेक ताटल्या, ट्रे, आणि प्रत्येक ट्रेला भोकं. तापलेलं क्रूड खालच्या बाजूनं शिरतं. जे वाफ झालंय ते भोकांतून वर जातं, जे नाही झालं ते तळाला पडतं. वर डोक्यावर वाफ गार करून तिचं तेल करतात, आणि त्यातलं थोडं मुद्दाम पुन्हा कॉलममध्ये सोडतात. त्याला रिफ्लक्स. ते एका ताटलीवरून दुसऱ्या ताटलीवर उतरत येतं.

म्हणजे प्रत्येक ताटलीवर खालून गरम वाफ येते आणि वरून जरा गार तेल येतं, दोघांची गाठ पडते. वाफेतला जड भाग तिथं तेल होऊन बसतो. तो बसताना जी ऊब सोडतो, तिनं ताटलीवरच्या तेलातला हलका भाग उडून वर जातो. हीच माझ्या मामाची भट्टी. मामा दोनदा लावायचा, इथं एकाच नळकांड्यात चाळीस भट्ट्या एकमेकींच्या डोक्यावर उभ्या, आणि सगळ्या एकाच जाळावर.

तळ साडेतीनशेच्या जवळ, डिझेलची ताटली २७० च्या आगेमागे, रॉकेलची १९० ची, डोकं १२० चं. ज्या उंचीवर ज्याचं तेल होतं, तिथं बाजूनं पाइप लावलेली. पुस्तकातलं चित्र खोटं नाही, त्यात फक्त हालचाल दाखवलेली नाही.

चहा झाला. बाकीचं दुपारी.

घाटवाला (रविवार, सकाळी ८:०२)

काका नमस्कार. मी २० वर्षं लॉरी चालवायलोय, निपाणीपासून गोव्यापर्यंत. मग रॉकेल आणि डिझेल इतकं जवळ असतंय तर भेसळवाले रॉकेलच का घालायचे ते आज समजलं. म्हणजे शेजारच्या ताटलीवरचंच की!

नंदगडचा_म्हातारा (रविवार, सकाळी ८:३०)

शेजारचंच. इंजिन लगेच बंद पडत नाही, म्हणून तर फावायचं. रेशनच्या रॉकेलला निळा रंग त्याच्यासाठीच घातला. पण रॉकेलात डिझेलएवढा चिकटपणा नसतो, पंप आणि नोझल कोरडे पडून झिजतात. पैसे वाचले म्हणणारा नंतर नोझलवाल्याकडं दुप्पट देऊन यायचा.

रताळेवाला (रविवार, सकाळी १०:१५)

काका, तुम्ही एवढं लिहिलंत, पोरीनं वहीत उतरून घेतलंय. फेणीचा भाग सोडून! तिच्या आईनं सोडायला लावला.

पण मूळ प्रश्न राहिलाच की. सगळं डिझेल का नाही?

नंदगडचा_म्हातारा (रविवार, दुपारी ३:२०)

त्याच्याकडंच येत होतो.

तात्यांना सांगा, डिझेल चोथा नाही. आणि दुसरी गोष्ट सांगतो ती नीट वाचा: क्रूडच्या आत डिझेल नावाची वेगळी वस्तू नसते. पेट्रोलही नसतं. असतात ते हजारो प्रकारचे कर्ब-हायड्रोजनचे रेणू, काही आखूड, काही लांब, काही कड्यांचे, सगळे एकमेकांत कालवलेले. आखूड लवकर उकळतात, लांब उशिरा. उणे ४२ अंशाला उकळणाऱ्या प्रोपेनपासून ते कधीच न उकळणाऱ्या डांबरापर्यंत एकच सलग ओळ. तिच्यावर आम्ही रेघा मारतो. इथपर्यंत नॅप्था, म्हणजे ज्याचं पुढं पेट्रोल करतात ते हलकं तेल, इथपर्यंत रॉकेल, इथून पुढं डिझेल. रेघ कुठं मारायची ते गिऱ्हाईक ठरवतं, सरकारचं मानक ठरवतं, कधी हवामान ठरवतं. आपण सीमाभागातली माणसं, रेघ कुठं ओढायची यावरची भांडणं आपल्याला नवी नाहीत. पण ही रेघ बोर्डावर बसून दर आठवड्याला हलवता येते, तेवढा फरक.

विमानाच्या तेलाला, एटीएफला, मागणी असली की रॉकेलचा कट, म्हणजे दोन रेघांमधला भाग, रुंद करायचा. नसली की त्यातलं जड टोक डिझेलमध्ये ढकलायचं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा एटीएफ कुणी घेईना. मी तेव्हा निवृत्त होतो, पण जुन्या शिफ्टची पोरं फोनवर सांगायची.

म्हणजे डिझेल थोडं वाढवता येतं, दोन्ही बाजूंच्या रेघा सरकवून. पण रेघेलाही हद्द आहे. आता माझी चूक.

१९८७-८८ असेल, रात्रपाळी. रॉकेल बाजूच्या पाइपनं निघालं की सरळ टाकीत जात नाही. त्याच्यात शेजारची हलकी वाफ विरघळलेली असते. म्हणून एका छोट्या कॉलममधून नेतात, खालून पाण्याची वाफ सोडतात, ती हलका भाग उडवून परत मोठ्या कॉलममध्ये नेते. त्या वाफेचा व्हॉल्व्ह मी संध्याकाळी दुसऱ्या एका कामासाठी दाबला होता आणि उघडायचा विसरलो. लॉगबुकात लिहिलं नाही, ही त्याहून मोठी चूक. रात्री अडीचला लॅबचा फोन. फ्लॅश फेल.

फ्लॅश म्हणजे किती अंशाला तेलावरची वाफ ठिणगीनं भपकन पेटते ते. रॉकेलला किमान ३५ हवा, म्हणजे आपल्या घरातल्या गरमीत स्टोव्ह भरताना भडका उडू नये. माझा आला २९. दिसायला अगदी स्वच्छ पाण्यासारखं रॉकेल, वासही तोच. पण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ते गेलं असतं तर! अर्धी टाकी परत स्लॉपमध्ये, म्हणजे पुन्हा क्रूडबरोबर उकळायला. शिफ्ट इनचार्ज काही बोलला नाही. सकाळी फक्त लॉगबुक माझ्यापुढं सरकवलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

असो. तर रेघा हलवून मिळणारं डिझेल एवढंच. आता बाकीच्याचं काय?

बाकीचं किती, ते क्रूडवर. आमच्याकडं बॉम्बे हायचं यायचं. १९७४ ला सागर सम्राट या समुद्रात विहीर खणणाऱ्या रिगनं शोधलेलं ते. हलकं, गंधक कमी, पण मेण भरपूर, थंडीत तुपासारखं आळायचं, पाइप गरम ठेवावे लागायचे. त्यातून तळाला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास माल राहायचा. आखातातलं जड क्रूड घेतलं तर तळाला निम्मा राहतो, आणि गंधक तीन टक्क्यांपर्यंत. क्रूड म्हणजे एकच वस्तू असं समजू नका. आपल्याकडं लाल माती आणि काळी माती, तेवढा फरक.

तळाचा हा माल ३७० च्या वर उकळणारा. आणि ३७० च्या वर तापवायचं नाही, कारण करपतो. मग काय करायचं? हवेचा दाब काढून घ्यायचा. डोंगरावर पाणी लवकर उकळतं ना, तेच. दुसरा एक जाडजूड कॉलम असतो, त्यातली हवा ओढून दाब बाहेरच्या हवेच्या दहाव्या भागाच्याही खाली नेतात. न करपता आणखी बराच भाग वाफ होऊन निघतो, त्याला गॅस ऑइल. त्याच्यातून वंगणाचं तेल, मेण. आणि तळाला जे राहतं ते खरं काळं. त्याच्यातून रस्त्याचं डांबर. (खरं तर डांबर दोन प्रकारचं. पूर्वीचं दगडी कोळशातून निघायचं, डांबरगोळ्या त्याच्यातूनच आल्या. आता रस्त्यावर पडतं ते क्रूडचं, बिटुमेन. आपण दोघांनाही एकच नाव दिलंय. जांबोटीच्या रस्त्यावर पाऊस दरसाल त्याचं काय करतो ते वेगळं सांगायला नको.)

आता मधला तो गॅस ऑइल. त्याचे रेणू लांब. ते तोडता येतात. एक पद्धत अशी की ५०० अंशाच्या वर तापलेल्या बारीक मातीसारख्या पावडरीवर, कॅटॅलिस्टवर, ते सोडायचे. काही सेकंदांत तुकडे होतात. त्यातून मुख्य निघतं पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस. दुसरी पद्धत, भरपूर हायड्रोजन घालून बाहेरच्या हवेच्या शंभर पटींच्या वर दाबाखाली तोडायचे, त्यातून चांगलं डिझेल निघतं. तुमच्या पोरीचा प्रश्न इथं खरा होतो. म्हणजे माणसं करतात हो, जास्तीचं डिझेल करतात. देशात जे पेट्रोलियम खपतं त्यात चाळीस टक्क्यांच्या जवळ डिझेलच आहे, म्हणून आपल्याकडच्या रिफायनऱ्यांनी हे हायड्रोजनवाले युनिट बांधले. पण हायड्रोजन महाग, दाब महाग, ते जाड पोलाद महाग.

पण वरचा भाग? नॅप्था, गॅस. ते रेणू आधीच आखूड. दगड फोडून खडी होते, खडी चिकटवून दगड करायचा म्हटलं तर सिमेंट लागतं, मजुरी लागते, आणि भाव खडीचाच येतो. म्हणून त्याचं डिझेल कुणी करत नाही. त्याचं पेट्रोल करतात, आणि प्लास्टिकच्या कारखान्याला देतात. तुमच्या शेतातली ठिबकची नळी, रताळ्याची जाळीची पोती त्याच घराण्यातली.

आणि रिफायनरीत काही फेकून देता येत नाही. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, त्याचा प्रत्येक लिटर कुठं तरी गेलाच पाहिजे. (गंमत म्हणजे रेणू तोडले की माल फुगतो, १५९ टाकले तर बाहेर थोडे जास्तच लिटर निघतात. वजन मात्र वाढत नाही.) नॅप्थाची टाकी भरली आणि गिऱ्हाईक नाही, तर डिझेलची कितीही ओरड असो, क्रूड कमी करावं लागतं. आमच्या बोर्डावर सगळ्यात जास्त भीती आगीची नव्हती, टाकी भरल्याची होती. आग रोज लागत नाही. टाकी रोज भरते.

उद्यमबाग_ओतारी (रविवार, सायंकाळी ६:४५)

काका, त्या खऱ्या काळ्याचं आणखी एक होतं, ते आमच्या फाउंड्रीत येतं. पेट कोक.

आम्ही इंडक्शन भट्टीत भंगार पोलाद वितळवतो. पोलादात कार्बन अगदी कमी, आणि बिडाला तीन टक्क्यांच्या वर लागतो. मग वरून कार्बन घालावा लागतो. ते काळे चकचकीत दाणे येतात पोत्यातून, सीपीसी म्हणतो आम्ही. रिफायनरीचा कोक पुन्हा १,२०० अंशाच्या वर भाजलेला. गंधक जास्त असलेला आला तर ओतीव कामात भोकं पडतात, म्हणून रिपोर्ट बघितल्याशिवाय घेत नाही. ॲल्युमिनियमवाले त्याचेच मोठाले ठोकळे करून विजेला जोडतात, एक किलो ॲल्युमिनियमला चारशे ग्रॅमच्या आसपास कार्बन जळून जातो.

इतकी वर्षं मी समजायचो हा कोळशाच्या खाणीतून येतोय.

नंदगडचा_म्हातारा (रविवार, सायंकाळी ७:१०)

भले! तो कोक निघताना बघायला पाहिजे. तळाचा माल ५०० अंशाजवळ तापवून उंच ड्रममध्ये सोडायचा, तिथं तो आपोआप तुटतो, हलका भाग वर निघून जातो आणि ड्रम भरून दगडासारखा कोक बसतो. मग तो ड्रम बंद, शेजारचा चालू. बसलेला कोक पाण्याच्या जबरदस्त धारेनं कापतात. लोखंड लावत नाहीत, पाण्यानंच. दुसऱ्या एका प्लांटवर बघायला गेलो होतो. खाली पडतानाचा आवाज धोंड कोसळल्यासारखा.

अथणी_केमिस्ट (रविवार, रात्री १०:०५)

काका, सगळं वाचलं. मी इकडं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, त्यामुळं तुमची फेणी मला सोडवत नाही.

चाळीस भट्ट्या लावल्या की माल हवा तेवढा शुद्ध होईल, असं वाचणाऱ्याला वाटेल. स्पिरिटचं तसं होत नाही. आमच्याही कॉलममध्ये ट्रेच असतात. अल्कोहोल वजनानं ९५.६ टक्क्यांवर पोचलं की पुढं वाफेतही तेच प्रमाण आणि तेलातही, म्हणजे द्रवातही तेच. दोघं हात धरून एकत्रच वर जातात. शंभर ट्रे लावा, काही उपयोग नाही. मग उरलेलं पाणी झिओलाइटच्या गोळ्यांनी शोषून घेतो. त्यांची छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा रेणू आत जातो आणि अल्कोहोलचा बाहेर राहतो. ते झालं की इथेनॉल टँकरमध्ये भरून डेपोला.

रताळेवाले, मुलीला हे सांगा: आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते रिफायनरीत मिसळत नाहीत, डेपोवर मिसळतात. म्हणजे पंपावर घेतलेल्या लिटरातला पाचवा हिस्सा क्रूडमधून आलेलाच नसतो. तो आपल्याच उसाच्या मळीतून किंवा रसातून आलेला असू शकतो, नाहीतर मक्यातून, तांदळातून.

आणखी एक. काका गंधकावर थांबलेच नाहीत. १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक दहा लाखात फक्त १० भाग चालतं, त्याआधी ५० चालायचं. मग ते काढलेलं गंधक जातं कुठं? रिफायनरीत त्याचा आधी विषारी वायू होतो, त्याच्यातून पुन्हा पिवळं गंधक करतात. खतवाले घेतात, रबरवाले घेतात. आणि आम्ही घेतो! उसाचा रस साफ करायला गंधक जाळून त्याचा धूर रसातून सोडतात, त्यानं साखर पांढरी होते. बाजारातलं गंधक आता बहुतेक तेल आणि नैसर्गिक वायूतूनच आलेलं असतं.

रताळेवाला (रविवार, रात्री १०:३०)

म्हणजे चहातली साखरपण क्रूडवाल्यांच्या हातून आलीय. तात्यांना उद्या सांगतो, झोप उडेल त्यांची.

टिळकवाडी_एक्सप्रेस (रविवार, रात्री १०:४१)

साय मागं घेतली. 🙏

रताळेवाला (सोमवार, सायंकाळी ७:५०)

काका, पोरीचा आणखी एक प्रश्न आलाय आणि मी पुन्हा गार. तिनं कॉलमचं चित्र काढलं, ताटल्यांना भोकं काढली, आणि म्हणते, "भोकं आहेत तर वरून येणारं तेल भोकांतूनच खाली का गळत नाही?"

नंदगडचा_म्हातारा (सोमवार, रात्री ८:२५)

हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या वर्षी सुचला नव्हता. तिला माझा आशीर्वाद सांगा.

घरात इडलीपात्र आहे ना, भोकांच्या ताटल्यांचं? रिकाम्या ताटल्या ठेवून खाली पाणी उकळू द्या आणि वरच्या ताटलीवर चमच्यानं पाणी सोडून बघा. गळेलच. कारण इडलीपात्राची वाफ मऊ असते, तिला घाई नसते. कॉलममधली वाफ भोकांतून एवढ्या जोरात येते की ताटलीवरच्या तेलाला खाली उतरायला वाटच देत नाही. तेल वाफेच्या जोरावर ताटलीवर पसरून राहतं, दोन-तीन बोटं उंच, आणि त्याच्यातून बुडबुडे फुटत वाफ वर जाते. ताटलीच्या एका कडेला छोटा बांध असतो. तेल त्याच्यावरून सांडलं की बाजूच्या मोकळ्या वाटेनं खालच्या ताटलीवर उतरतं. शेतातल्या वाफ्याचं पाणी बांध फोडून खालच्या वाफ्यात जातं, तसंच. त्यात तुम्हाला मी काय शिकवू.

पण युनिट हळू चालवलं, क्रूड कमी केलं, तर वाफेचा जोर कमी पडतो. मग तिचं म्हणणं खरं होतं, भोकांतून तेल गळतं. आम्ही त्याला वीपिंग म्हणायचो, म्हणजे ट्रे रडायला लागला. वाफेची आणि तेलाची धड गाठ पडत नाही, डिझेल रॉकेलात, रॉकेल डिझेलात. उलट जास्त जोर केला तर वाफ तेलच उचलून वरच्या ताटलीवर नेते, त्याला फ्लडिंग. दोन्हींच्या मधे कॉलम ठेवायचा.

इडलीपात्राचा प्रयोग करताना पोरीला एकटं सोडू नका, वाफ हातावर येते.

रताळेवाला (सोमवार, रात्री ९:०५)

केला. गळलं. आईनं विचारलं इडल्या कुठायत.